फायनल, फायनल-२, फायनल-नक्की: ड्राइव्हच्या आवराआवरीच्या नोंदी

भोसरी, पुणे. जून ते ऑगस्ट २०२५

२ जून, सोमवार

सरांनी आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. "ड्राइव्हवर जो उकिरडा झालाय तो तू आवर. गणपतीच्या आत संपव." मी डिझाइनला आहे, कागद आवरणं माझं काम नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मे महिन्यातली ती रात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात होती, म्हणून गप्प बसले.

ती रात्र आधी लिहून ठेवते. आम्ही पंपांची कंट्रोल पॅनल बनवतो. एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर आमचा सर्व्हिसचा मुलगा एकटाच कमिशनिंगला (पॅनल जागेवर जोडून पहिल्यांदा चालू करायला) गेला होता. (इथे त्याला धाकटा म्हणेन, वयाने आहेच.) टेंडरमध्ये मोटर ४० एच.पी.ची होती. मध्ये कधीतरी गिऱ्हाइकाने ५० एच.पी. घ्यायची ठरवली. आम्ही कॉन्टॅक्टर बदलले, केबल बदलली, ओव्हरलोड रिलेसुद्धा (करंट लावलेल्या आकड्याच्या वर गेला की मोटर बंद करतो तो) मोठ्या रेंजचा घातला. कमिशनिंगच्या शीटवर मात्र जुनाच आकडा राहिला: रिले सेटिंग ३१ अँपिअर. धाकट्याने शीट बघून ३१ वर लावला. पंप वीस-पंचवीस मिनिटं चालला आणि बसला. रिसेट केला, परत बसला. रिले तापलेला असल्यामुळे पुढे तर दहाच मिनिटांत बसायला लागला. त्याने व्होल्टेज तपासलं, फेज तपासले, पंप जाम आहे का म्हणून शाफ्ट हाताने फिरवून बघितला. मला नऊ फोन केले. माझा फोन सायलेंटवर.

सकाळी सहाला फोन बघितला तेव्हा गावची टाकी रिकामी होती. मी एवढंच म्हटलं, "मोटरची पाटी वाच." पाटीवर ६६ अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोठी मोटर कमी करंटवर सुरू करायची जोडणी) आम्ही रिले मोटरच्या वाइंडिंगच्या बाजूला बसवतो, तिथे लाइनच्या करंटच्या ०.५८ पटच करंट वाहतो. ६६ गुणिले ०.५८ म्हणजे ३८. त्याने ३८ वर लावला आणि पंप चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मोटर बदलल्याचं मीटिंगच्या मिनिट्समध्ये (लेखी नोंदीत) होतं. तिसऱ्या पानावर, चौदावा मुद्दा, पॅनलचा रंग आणि डिस्पॅचची तारीख यांच्या मधोमध. प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता: "लिहिलंय की!"

३ जून, मंगळवार

दिवसभर ड्राइव्ह चाळला. फोल्डरांची काही नावं: "नवीन", "नवीन जुने", "डेस्कटॉप बॅकअप", "सरांसाठी", "तात्पुरते" (हे २०१७ पासून तात्पुरतंच आहे). एक फोल्डर तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा आहे, आणि आजही सगळ्यात कामाची ड्रॉइंग त्यातच आहेत. त्या पंपहाऊसच्या पॅनलची सात ड्रॉइंग सापडली. त्यातल्या चारांच्या नावात फायनल हा शब्द. सगळ्यात नवीन तारखेची फाइल सगळ्यात नवीन असेल म्हणून उघडली, तर ती कुणीतरी प्रिंट काढताना नुसती सेव्ह केलेली जुनी रिव्हिजन निघाली.

संध्याकाळी नव्या फोल्डरांचं झाड कागदावर काढायला घेतलं. गिऱ्हाईक, त्याखाली प्रोजेक्ट, त्याखाली डिझाइन, परचेस, प्रॉडक्शन, सर्व्हिस. छान दिसत होतं. घरी जाताना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना मनात आलं, हे झाड धाकट्याच्या त्या रात्री असतं तर? त्याने "सर्व्हिस" उघडलं असतं, त्यात तीच शीट असती, आणि शीटवर ३१च असतं.

६ जून, शुक्रवार

काल गुरुवारची सुट्टी. आज काही हलवलं नाही, नुसतं बघितलं.

पाच प्रश्न कागदावर लिहिले. या पॅनलचं चालू ड्रॉइंग कोणतं? या केबलला ग्लँड (केबल पॅनलमध्ये शिरते तिथे ती घट्ट धरणारा) कुठल्या साइजचा? गिऱ्हाइकाने शेवटचा बदल कोणता सांगितला? अशा धर्तीचे. मग एकेकाला बसवलं आणि मागे खुर्ची टाकून बघत राहिले.

वायरिंगच्या मामांनी कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ डिझाइनला फोन लावला. म्हणजे मलाच, आणि मी त्यांच्या मागेच बसलेली. स्टोअरच्या काकांनी व्हॉट्सॲप उघडून "ग्लँड" शोधलं आणि दीड वर्षापूर्वीचा फोटो बरोबर काढून दाखवला. अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, "मी तुलाच विचारते ना नेहमी?" सरांनी आपला मेल उघडला, शोधलं, नाही सापडलं, आणि म्हणाले, "हे आपल्याकडे लिहिलेलंच नाही." होतं. त्यांनीच लिहिलेलं होतं. धाकट्याने तेवढा ड्राइव्ह उघडला. मे महिन्याचा धडा असेल. पाचातले दोन त्याला सापडले, एक चुकीचा सापडला.

आमचं खरं दप्तर कुठे आहे ते आज कळलं. अर्धं व्हॉट्सॲपच्या शोधपट्टीत आणि अर्धं माझ्या डोक्यात. मी चार दिवस गावी गेले की फोन का वाजत राहतो त्याचा उलगडा झाला. थोडं बरं वाटलं, हे कबूल करते. मग लगेच वाईट वाटलं.

१० जून, मंगळवार

आमचं कमिशनिंग मॅन्युअल आज पहिल्यांदा सलग वाचलं. ४२ पानं. कंपनीचा परिचय, फॅक्टरीचा फोटो, सुरक्षिततेच्या सूचना, स्टार-डेल्टा म्हणजे काय (शाळेच्या पुस्तकासारखं), मग पायऱ्या, मधेच थिअरी, पुन्हा पायऱ्या, आणि सेटिंगचा तक्ता ३१व्या पानावर. योगायोग बघा, तिथेही ३१.

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये डॅनिएले प्रोचिदा या माणसाने मांडलेली चार प्रकारांची विभागणी बरीच वापरतात. एक कागद शिकवण्यासाठी, एक हातातलं काम करून घेण्यासाठी, एक नुसता आकडा बघून घेण्यासाठी आणि एक असं का ते समजावण्यासाठी. त्यांचं म्हणणं, या चौघांना एका पानावर कोंबू नका, कारण चारही वेळी वाचणाऱ्याची मनःस्थिती वेगळी असते. आमच्या मॅन्युअलला हे तंतोतंत लागू पडतं. रात्री पंपहाऊसमध्ये उभ्या असलेल्या पोराला आम्ही फॅक्टरीचा फोटो दाखवत होतो.

पण विभागणी जशीच्या तशी घ्यायची नाही असं ठरवलं. शिकवणारा कागद आम्हाला नको, मामा त्याहून चांगलं शिकवतात. आणि "असं का" वेगळं काढलं तर ते कुणीच उघडणार नाही. ते आकड्याच्या शेजारीच बसलं पाहिजे, एका ओळीत.

१३ जून, शुक्रवार

पहिली शीट तयार. जुन्या शीटवर नुसतं असं होतं:

ओ/एल रिले: ३१ ए.

नवीवर असं आहे:

ओव्हरलोड रिले: ३८ अँपिअर. (मोटरच्या पाटीवरचे अँपिअर × ०.५८. इथे ६६ धरले आहेत. पाटीवर वेगळा आकडा असेल तर पाटी खरी.)

एवढ्या दोन ओळींसाठी अडीच तास गेले, कारण "पाटी खरी" लिहायचं की नाही यावर सर आणि मी भांडलो. सरांचं म्हणणं, साइटवरच्या माणसाला आकडा बदलायची मुभा दिली तर उद्या प्रत्येक जण आपल्या मनाचं लावेल. माझं म्हणणं, मुभा त्याला नाही, पाटीला दिली आहे. शेवटी सर म्हणाले, "बरं, पण बदललं तर पेनने लिहून सही करायची." हे माझ्या डोक्यात नव्हतं आणि फार चांगलं होतं. शीटवर तेवढी जागा सोडली.

१६ जून, सोमवार

आज आय.एस.ओ.चं भूत उठलं. क्वालिटीवाले म्हणाले, मॅन्युअल फोडता येणार नाही, ऑडिटर विचारेल. मी आय.एस.ओ. ९००१ ची, म्हणजे गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, २०१५ ची आवृत्ती घेऊन बसले. कलम ७.५. कागद ओळखता आला पाहिजे, तपासून मंजूर झालेला असला पाहिजे, हवा तिथे हवा तेव्हा मिळाला पाहिजे, जुनी प्रत चुकून वापरात येता कामा नये. मॅन्युअल असलंच पाहिजे हा आग्रह २००८ च्या आवृत्तीत होता, २०१५ मध्ये तो काढून टाकला. सहा लेखी प्रोसिजरचीही सक्ती गेली. म्हणजे दहा वर्षं आम्ही एका उठून गेलेल्या नियमाला नैवेद्य दाखवत होतो.

क्वालिटीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी एक प्रत ठेवा." ठेवली. फॅक्टरीच्या फोटोसकट.

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसात आम्ही तिघंच. निवांतपणे नासाच्या कोलंबिया यानाच्या अपघाताबद्दल वाचलं. कल्पना चावला गेली तो दिवस आठवतो, १ फेब्रुवारी २००३. त्यात एका स्लाइडचाही भाग होता हे मात्र माहीत नव्हतं.

उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. यान अजून वर असतानाच इंजिनिअरांनी त्याचा अभ्यास करून वरिष्ठांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा. त्याखाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत मुद्दे, उपमुद्दे, उप-उपमुद्दे. आणि सगळ्यात तळाशी खरी गोष्ट: ज्या चाचण्यांच्या भरवशावर हे सांगतोय त्यातला तुकडा ३ घन इंचांचा होता, इथला १९२० घन इंचांचा. ६४० पट! "लक्षणीय" या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा येतो आणि एकदाही किती ते कळत नाही. आकडे आणि माहिती कशी मांडावी यावर लिहिणाऱ्या एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने २००३ च्याच अहवालात त्याची दखल घेतली.

त्या इंजिनिअरांनाही कुणीतरी विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, लिहिलंय की. शेवटच्या ओळीत.

आमचा चौदावा मुद्दा आणि त्यांची शेवटची ओळ यांची तुलना करणं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडे एका गावाला एक दिवस पाणी आलं नाही. तरी मिनिट्सचा साचा दुपारीच बदलून टाकला. वरच्या चौकटीत फक्त "आज काय बदललं" आणि ते बदलल्यामुळे कोणाच्या कुठल्या कागदावर हात फिरवावा लागेल. बाकी सगळी चर्चा खाली.

२४ जून, मंगळवार

शीट साइटवर गेली आणि आपटली.

धाकट्याने परत आणली तेव्हा तिची चार घड्यांची चौकोनी पुडी झाली होती, मधोमध ग्रीस. १९ रकाने होते, ११ मध्ये "ला.ना." (लागू नाही) लिहिलेलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हेल्मेटच्या टॉर्चमध्ये वाचायचं, पावसात लिहायचं. तुम्ही एकदा याच." गेले. हिंजवडीच्या एका सोसायटीचा पंप होता, अगदी जवळ. बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी नव्हतं, पण पायाचा घोटा बुडेल एवढं होतं. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हाताने पॅनलचं दार धरायचं कारण ते वाऱ्याने बंद होतं. शीट धरायला तिसरा हात नव्हता.

तिथेच ठरलं: ७ रकाने, मोठा टाइप, लॅमिनेशन करून पॅनलच्या दाराच्या आतल्या ड्रॉइंग पॉकेटमध्ये. क्यू.आर. कोड लावायची आयडिया होती, ती जागेवरच मेली. बेसमेंटला रेंज शून्य.

उरलेल्या १२ रकान्यांपैकी निम्मे मी स्वतः हौसेने घातले होते. "शेरा" नावाचा रकाना तर कशासाठी होता ते मलाही सांगता आलं नाही.

२६ जून, गुरुवार

सुट्टी. आत्याकडे सदाशिव पेठेत जेवायला. आत्याने रिटायर झाल्यावर मोडी शिकून घेतली, आणि आता घरी आलेल्या प्रत्येकाला एक तरी पत्र वाचून दाखवते. आज माझी पाळी. रडगाणं मीच सुरू केलं होतं, मेलमधला मुद्दा कुणाला सापडत नाही म्हणून.

ती म्हणाली, "अगं, आधी विशेष शोध." जुन्या मराठी पत्रात वर मायना, मग "विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे" वगैरे ठरलेली भरती, आणि मग एक शब्द: विशेष. त्यापुढे मुद्दा. वाचणारा वरचं सगळं डोळ्यांनी ओलांडून थेट तिथे उतरायचा. शेवटी "बहुत काय लिहिणे". पत्र आलं की पोचल्याची तारीखही वर चढवायची, तिला पैवस्ती म्हणायचे. लिहिल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख, दोन्ही कागदावरच.

आणि ठेवायचे कसे? रुमालात बांधून. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत म्हणे. मी म्हटलं, एवढ्यातून एखादं पत्र कसं सापडतं? "सापडतं," आत्या म्हणाली, "पण कुठल्या खात्याचं, कुठल्या सालचं ते आधी माहीत पाहिजे. आणि तिथल्या माणसाशी गोड बोलावं लागतं." म्हणजे तिथेही एक मी आहेच.

विशेष मात्र उचलला. सोमवारपासून आमच्या मेलमध्ये पहिल्या ओळीत "विशेष:" आणि मुद्दा. नमस्कार-चमत्कार त्याखाली. सरांना आवडेल, त्यांना जुनं काहीही आवडतं.

१ जुलै, मंगळवार

निर्णयाची चिठ्ठी सुरू केली. एक निर्णय, एक पान, एक नंबर. काय ठरलं, कशामुळे ठरलं, त्यामुळे काय गळ्यात पडलं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेसाठी अशा छोट्या नोंदी ठेवायची पद्धत सांगितली, तीच आमच्या पॅनलना लावली. त्यातली मला पटलेली गोष्ट ही की जुना निर्णय फिरवला तरी जुनी चिठ्ठी खोडायची किंवा काढून टाकायची नाही. तिच्यावर फक्त लिहायचं: आता चिठ्ठी क्रमांक अमुक बघा.

पहिली चिठ्ठी मागच्या तारखेच्या निर्णयाची लिहिली, ४० ची मोटर ५० कशी झाली त्याची. "कशामुळे" लिहायला बसलो तर कुणालाच आठवेना. गिऱ्हाइकाला फोन केला. त्यांनाही आठवेना. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला: टाकीची जागा बदलली, ती आणखी उंचावर गेली, म्हणून हेड (पाणी चढवायची उंची) वाढलं. म्हणजे नुसती मोटर बदलली नव्हती, पंपही बदलला होता, आणि लेव्हल सेन्सरची केबल लांब लागली होती. ती केबल आमच्या काकांनी तेव्हा गुपचूप जोड देऊन लांबवली. त्याचा तर कुठेच कागद नाही.

८ जुलै, मंगळवार

भाषेचा घोळ. हा मी सगळ्यात सोपा समजत होते.

शीट मराठीत करायची हे सगळ्यांना मान्य. मामा आणि वायरिंगची मुलं इंग्रजी वाचतात, पण अडखळत. कॉन्टॅक्टर, लग, ग्लँड, बसबार हे शब्द देवनागरीत तसेच, त्यांना "संपर्कक" वगैरे करायला गेलं तर मामा मला ओळख दाखवणार नाहीत. अडचण निघाली ती क्रियापदाची.

मी लिहिलं होतं: "अर्थिंग तपासावे." मामा म्हणाले, "तपासावे म्हणजे? तपासलं तर बरं, की तपासलंच पाहिजे?" खरंच की. "करावे" यात आज्ञा, विनंती आणि आशा तिन्ही नांदतात. लग्नपत्रिकेत "अगत्य येण्याचे करावे" असतं, म्हणून न येणाऱ्याला कुणी दंड करत नाही. इंग्रजीतही हीच कटकट होती. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये एक आखं पत्रक (आर.एफ.सी. २११९) काढून ठरवलं की केलंच पाहिजे, शक्यतो करा आणि वाटलं तर करा यांसाठी कुठला शब्द वापरायचा.

आमचं ठरलं ते असं. सोडून चालणार नाही अशी गोष्ट: "तपासा." नुसती आज्ञा. कारण असेल तर सोडता येईल अशी: "शक्यतो तपासा, सोडलं तर का ते लिहा." तिसरा प्रकार शीटवर ठेवायचाच नाही, वाटलं तर करायच्या गोष्टीला लॅमिनेशनचे पैसे कशाला?

आणि "करण्यात आले" हद्दपार. "टर्मिनल घट्ट करण्यात आले." कुणी? हे वाक्य सरकारी कागदातून आमच्या सर्व्हिस रिपोर्टात कधी घुसलं देव जाणे. त्यात करणारा माणूसच नसतो. मागच्या वर्षीचे रिपोर्ट चाळले तर सगळी टर्मिनलं आपोआप घट्ट झाल्यासारखी. आता: "टर्मिनल घट्ट केली" आणि पुढे आद्याक्षरं. एक-दोघांना हे झोंबलं. आद्याक्षरं म्हणजे उद्या आपल्यावर शेकणार, असं त्यांना वाटतं. खोटं नाही ते. मी सरांकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं की शीटवर स्वतःहून लिहिलेल्या चुकीबद्दल कुणाला बोलणी बसणार नाहीत. सर पाळतील का ते बघू.

१८ जुलै, शुक्रवार

फायली हलवल्या. एकही डिलीट केली नाही, कारण डिलीट म्हटल्यावर काकांचा चेहराच पडला. जुनं सगळं "माळा" नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. माळ्यावर काय असतं ते घराघरात माहीत आहे: टाकवत नाही, लागतही नाही, लागलं तर शिडी लावून काढता येतं. माळ्यावरची फाइल नुसती वाचता येते, बदलता येत नाही.

खाली राहिलं ते प्रत्येक पॅनलच्या नंबराचं एक फोल्डर, आणि त्यात उघडल्यावर पहिली दिसणारी एकच फाइल: "आधी हे". पॅनल कुणाचं, चालू ड्रॉइंग कुठलं, शेवटची चिठ्ठी कितवी. नावात फायनल शब्दाला बंदी. तारीख साल-महिना-दिवस या क्रमाने, आय.एस.ओ. ८६०१ सांगतं तशी: २०२५-०७-१८. कारण साधं आहे, नावाने लावल्या तरी फायली तारखेच्याच क्रमाने लागतात. आपली नेहमीची दिवस आधी लिहायची पद्धत घेतली की सगळ्या वर्षांच्या एक तारखा गळ्यात गळे घालून बसतात.

२५ जुलै, शुक्रवार

सोमवारी नियम काढला: व्हॉट्सॲपवर निर्णय घ्यायचे नाहीत. बुधवारी स्वतः सरांनी ग्रुपवर लिहिलं, "ओके, २.५ ची केबल चालेल." नियम वारला.

त्यामुळे आज तो बदलला. ठरवा कुठेही, पण चिठ्ठीचा नंबर पडेपर्यंत स्टोअर माल काढणार नाही. काकांच्या हातात हे सोपवल्यावर मात्र सगळं सुतासारखं सरळ झालं. नंबर नसेल तर काका चष्म्यावरून बघतात, एवढंच. चिठ्ठी लिहायला चार मिनिटं लागतात, काकांशी वाद घालायला वीस.

५ ऑगस्ट, मंगळवार

जूनचेच प्रकार, प्रश्न नवे. पुन्हा मागे खुर्ची टाकून बसले. धाकटा: पाचही. काका: चार, आणि पाचव्यावर माझीच चूक काढली, "आधी हे" मध्ये मी चुकीचा ड्रॉइंग नंबर टाकला होता. ताई: तीन. सर: दोन. मेलमधून उठायला तयार नाहीत. पण आता त्यांच्या मेलमध्ये "विशेष" शोधता येतं, म्हणून दोन.

मामांनी फोन उचलला. मी मागून म्हटलं, "मामा, दारात शीट आहे." ते म्हणाले, "ठाऊक आहे. वाचली. बरोबर आहे का ते विचारायला लावतोय." याला काही उत्तर नाही माझ्याकडे. कदाचित नकोच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारी गणपती. म्हणजे मुदत संपली. ऑफिसात आराशीचं सामान माझ्या टेबलावर.

रात्री पावणेदहाला धाकट्याचा फोन. पोटात गोळा आला. पण तो विचारत नव्हता, सांगत होता. "मॅडम, मोटर दुसऱ्या मेकची आलीय. पाटीवर ६४ आहे. मी ३७ लावला. शीटवर ३८ खोडून पेनने ३७ लिहिलंय, सही केलीय. पंप तासभर चालू आहे. फोटो रेंज आली की टाकतो." आणि ठेवला. दीड मिनिटाचा फोन.

लॅपटॉप काढून "आधी हे" उघडलं. तिथे अजून ३८ आहे. म्हणजे पंपहाऊसमधला कागद खरा आणि ड्राइव्हवरचा खोटा, असं पहिल्यांदाच झालं. दुरुस्ती करायला घेतली आणि "बदल कोणी केला" या रकान्यावर थांबले. माझी आद्याक्षरं टाकणं बरोबर नाही, आणि ड्राइव्हवर लिहायचा हक्क मीच त्याला दिलेला नाही. त्याला विचारावं म्हणून फोन लावला. रेंजबाहेर. उद्या सकाळी आल्या आल्या आधी तो हक्क देते, मग तोच टाकेल.